खुर्ची कोणाची? चंडीगडचं लाकूड, वेत आणि काँक्रीट

(व्याख्यानमालेतलं हे तिसरं व्याख्यान. शब्दांकन करताना पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं निवडक आहेत.)

पुढे जागा आहेत, या, बसून घ्या. खुर्च्यांवरचं व्याख्यान उभ्यानं ऐकायला लावलं तर बरं दिसणार नाही.

सुरुवात एका सरकारी शब्दापासून करतो. शब्द आहे 'निर्लेखन'. ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकरीत होतं त्यांना तो लगेच कळेल. माझे वडील एका जिल्ह्याच्या ठिकाणी भांडारपाल होते. त्यांच्याकडे एक जाडजूड वही असायची, जडवस्तू संग्रह नोंदवही. कचेरीतलं प्रत्येक टेबल, कपाट, खुर्ची, अगदी माठाखालची तिवईसुद्धा त्या वहीत. प्रत्येक वस्तूवर रंगानं आकडा घातलेला. खुर्चीचा वेत फाटला की पहिल्यांदा विणणारा यायचा. पुष्कळदा तो अंध असायचा, बोटांनी भोकं मोजत विणायचा, आणि आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघत बसायचो. पुढे विणणारा यायचा बंद झाला. मग त्या बैठकीवर प्लायवुडचा तुकडा ठोकायचा. मग ती खुर्ची साहेबाच्या खोलीतून कारकुनाकडे, कारकुनाकडून व्हरांड्यात शिपायाकडे, तिथून गच्चीवर. पावसाळे खाऊन झाले की कमिटी बसायची, 'दुरुस्तीयोग्य नाही' असा शेरा मारायची आणि खुर्ची निर्लेखित व्हायची. वहीतून नाव गेलं, वस्तू संपली. पुढे भंगाराचा लिलाव.

आज ज्या खुर्चीबद्दल बोलायचं आहे तिचा प्रवास अगदी असाच झाला. फक्त लिलावानंतर ती पॅरिसला गेली.

(पडद्यावर छायाचित्र)

ही ती खुर्ची. सागवानी लाकूड, वेताची बैठक, वेताची पाठ. पाय बघा. कंपासपेटीतलं कर्कटक थोडं उघडून टोकं खाली करून धरलं तर कसं दिसेल, तसे दोन्ही बाजूंचे पाय. त्या पायांवरच हात टेकवलेले. झालं, संपली खुर्ची. जगभरच्या सजावटीच्या मासिकांत, सिनेनट्यांच्या दिवाणखान्यांत, मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत आज ती दिसते. तिला 'चंडीगड चेअर' म्हणतात आणि करणाऱ्याचं नाव लिहितात पिएर जानरे. हे नाव बरोबर आहे की अर्धं बरोबर, याकडे मी शेवटी येणार आहे. आधी ती तिथे पोचली कशी ते बघू, कारण ती सुरू झाली लाकडापासून नाहीच. ती सुरू झाली लोखंडी नळीपासून.

१९२०च्या दशकात युरोपातल्या आधुनिक वास्तुकारांना एक खात्री वाटत होती. घर हे यंत्रासारखं नेटकं असावं, आणि घरात ठेवायच्या वस्तूही कारखान्यात बनाव्यात. जर्मनीत मार्सेल ब्रॉयरनं १९२५-२६च्या सुमारास पोलादी नळी वाकवून खुर्ची केली. पॅरिसमध्ये दोन चुलतभाऊ एकत्र काम करत होते. थोरला शार्ल-एदुआर जानरे, ज्याला आपण ल कॉर्बुझिए या नावानं ओळखतो. धाकटा पिएर जानरे, जन्म १८९६, जिनिव्हाचा. त्यांच्याकडे शार्लोत पेरियां ही तरुण डिझायनर आली आणि तिघांनी मिळून १९२९च्या पॅरिसच्या शरद प्रदर्शनात नळीच्या पोलादाचं फर्निचर मांडलं. त्यातली ती पाय पसरून पडायची लांब खुर्ची तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असणार. श्रेय मात्र बरीच वर्षं थोरल्यालाच जात राहिलं. पेरियांचं नाव मागे, पिएरचं त्याहून मागे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इथे एक छोटं वळण घेतो. या मंडळींना जुनं सगळंच टाकायचं होतं असं नाही. १९२५च्या आपल्या गाजलेल्या मंडपात ल कॉर्बुझिएनं कुठल्या खुर्च्या ठेवल्या होत्या? थोनेट कंपनीच्या, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. म्हणजे कोणत्या? तर आपल्या इराण्याच्या हॉटेलातल्या! बन-मस्का खाताना आपण जिच्यावर बसतो, ती गोल बैठकीची, मागे कमान असलेली हलकी खुर्ची. इराण्यांनी त्या घराण्यातल्या खुर्च्या मध्य युरोपातून मागवल्या होत्या. तेव्हा आधुनिक फर्निचरचं पूर्वज आपण मुंबई-पुण्यात रोज वापरत होतो; फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

असो. पोलादी नळीत एक अडचण होती. ती थंड लागते, उन्हात तापते, आणि मुख्य म्हणजे ती सगळीकडे मिळत नाही. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टोनं हे फार लवकर ओळखलं. पाइमिओच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळासाठी, हे १९२९ ते ३३चं काम, त्यानं देशातलाच भूर्ज, म्हणजे बर्च, घेऊन पातळ थर चिकटवून, वाकवून खुर्ची केली. पाठीचा कोन असा ठेवला की रुग्णाला श्वास सुलभ व्हावा. आणि पेरियां १९४०मध्ये जपानला गेली तेव्हा तिनं आपल्याच त्या लांब खुर्चीची बांबूची आवृत्ती केली. बघा, आकार तोच, पण वस्तू जिथली तिथली. प्रादेशिक आधुनिकता म्हणून जे पुढे जाड पुस्तकांत आलं ते आधी असं सुताराच्या पातळीवर घडत होतं.

आता चंडीगड.

१९४७ला पंजाबचे दोन तुकडे झाले आणि लाहोर पलीकडे गेलं. लाहोर म्हणजे नुसती राजधानी नव्हे. कोर्ट, विद्यापीठ, ग्रंथालयं, छापखाने, मोठी इस्पितळं, सगळं तिथे. इकडच्या पंजाबला सिमल्यातून तात्पुरता कारभार करावा लागला. नवी राजधानी हवी होती. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर आणि पोलिश वास्तुकार मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५०मध्ये नोविकी विमान अपघातात गेला. मग पंजाबचे दोन अधिकारी, पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा, युरोपात वास्तुकार शोधायला निघाले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे दांपत्य भेटलं, पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए. त्यानं अट घातली: मी वर्षातून दोनदा महिना-महिना येईन, राहणार नाही. राहायला माझा भाऊ येईल.

हा भाऊ यायला तयार झाला याचंच नवल वाटतं. १९४०मध्ये दोघांची फाटाफूट झाली होती. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ल कॉर्बुझिए विशीच्या सरकारकडे काम मागायला गेला आणि पिएर प्रतिकाराच्या चळवळीत गेला. त्या काळात हा फरक साधा नव्हता. दहा वर्षांनी एका परक्या, उन्हानं भाजणाऱ्या माळरानावर ते पुन्हा एकत्र आले. करार तीन वर्षांचा होता. फ्राय आणि ड्रू मुदत संपल्यावर परतले. पंचावन्नाव्या वर्षी आलेला पिएर १९६५पर्यंत राहिला. शेवटी प्रकृतीनं साथ सोडली म्हणून गेला. १९६७ला जिनिव्हात वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पुतणीनं रक्षा आणून चंडीगडच्या सुखना तलावात सोडली.

हे मी भावनेसाठी सांगत नाही. एक माणूस महिनाभर येऊन कॅपिटॉलच्या भव्य इमारती काढतो, आणि दुसरा चौदा वर्षं तिथे राहून ठेकेदार, कुंभार, सुतार, वीटभट्टीवाले यांच्याशी रोज बोलतो. दोघांच्या वास्तुकलेत फरक पडणारच. कॅपिटॉल तुम्ही बघाल तर काँक्रीटचं प्रचंड शिल्प. पण शहराच्या बाकी भागात, सेक्टरांमध्ये फिरा. शहर विटांचं आहे! सिमेंट आणि पोलाद महाग, दुर्मीळ. वीट भट्टीत हवी तेवढी. म्हणून बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंती, खोल सज्जे, उन्हाला अडवणाऱ्या जाळ्या, रात्री झोपायला गच्ची. कुठे कुठे नदीतले गोटे भिंतीला लावलेले. सरकारी घरांचे पगाराप्रमाणे तेरा दर्जे ठरले होते, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. जेन ड्रूनं शिपायांसाठी केलेली घरं बघण्यासारखी आहेत. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि अंगण स्वतंत्र. त्या काळी कुठल्या शिपायाला हे मिळत होतं? आपल्या मुंबईतल्या चाळीत मजल्यावर एक सामाईक संडास, हे आठवून बघा.

आणि आता गंमत अशी की इमारती उभ्या राहतायत, १९५३मध्ये राजधानीचा कारभार इकडे हलतो, पण बसायचं कशावर? सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, महाविद्यालयं, ग्रंथालय, इस्पितळ, शाळा, आमदार निवास, शेकडो घरं. हजारो खुर्च्या, टेबलं, पलंग, कपाटं, वाचनालयाचे मांडव हवेत. लाहोरचं सामान लाहोरला राहिलं. पोलादी नळीची खुर्ची? ती नळी आणायची कुठून, वाकवायची कशावर? ज्यांनी १९२९ला पोलादी नळी मिरवली त्यांच्यातला एकजण पंजाबात येऊन म्हणतो, नळी नको, सुतार बोलवा.

सागवान का, तर वाळवी लवकर लागत नाही आणि पावसाळ्यात फुगत नाही. काही वस्तू शिसमाच्याही आहेत. वेत का, तर पंजाबच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. गादीच्या खुर्चीत तासभर बसलात तर सदरा पाठीला चिकटेल. वेतातून वारा जातो. विणणारे गावोगाव होतेच. आणि मोडलं तर दुरुस्त होतं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पण मला जास्त रस आहे तो पायांत. खुर्ची मोडते कुठे? मागचा पाय जिथे बैठकीला भेटतो तिथे. कारण आपण मागे रेलतो. सगळे सरकारी बाबू दुपारी तीननंतर मागे रेलतात. कारागिरी फार नाजूक असेल तर तो सांधा ढिला होतो. इथे काय केलंय बघा: दोन पाय वरती एकमेकांना भेटतात आणि हाताची पट्टी त्यांना जखडते, म्हणजे बाजूनं त्रिकोण तयार होतो. त्रिकोण हलत नाही, हे शाळेत शिकलेलं. लाकूड जाड ठेवलंय, कापणी सरळ रेषेत. यासाठी फार निष्णात कारागीर लागत नाही. करवत, रंधा, पटाशी असलेला, हाताखाली दोन पोरं घेऊन बसलेला कुठलाही सुतार नकाशा बघून ती करू शकतो. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण काम निविदा काढून निरनिराळ्या छोट्या कारखान्यांना दिलं जात होतं.

वास्तू आणि खुर्चीचं नातं लोक आकारात शोधतात. म्हणतात, हे तिरके पाय म्हणजे इमारतीचे खांब, ही वेताची विण म्हणजे भिंतीतली जाळी. दिसायला खरं आहे, आणि वेत आणि जाळी दोघांचं काम सावली देऊन वारा सोडणं हेच, हेही खरं. पण मला वाटतं खरं नातं आहे ते बनवण्याच्या पद्धतीत. वीट जशी भट्टीवाल्याला परिचित होती, तशी ही खुर्ची सुताराला परिचित होती. नवं होतं ते फक्त मांडणीत. पंजाबी नक्षी कोरून ती 'प्रादेशिक' केलेली नाही. टंचाईनं ती प्रादेशिक केली.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र फार गोड होईल. घरांसारखे खुर्च्यांनाही दर्जे होते. वरिष्ठाला गादीची, हातांची, भारदस्त; खालच्याला साधी, बिनहाताची. समानतेचं स्वप्न बघणाऱ्या शहरात कोण कोणत्या खुर्चीवर बसेल हे पगारपत्रक ठरवत होतं. आधुनिकता आली, पण साहेब उठून गेला नाही.

आता मघाचा प्रश्न. कोणाची खुर्ची?

लिलावाच्या पुस्तिकेत लिहितात: पिएर जानरे. त्याचा वाटा मोठा होता यात शंका नाही. त्याच्या स्वतःच्या घरात, सेक्टर पाचमधल्या पाच नंबरच्या घरात, आता संग्रहालय आहे. बांबू, दोरी, लोखंडी सळी घेऊन तो माणूस सतत काहीतरी करून बघायचा, तलावासाठी होड्यासुद्धा स्वतः बनवायचा. पण तो एकटा नव्हता. त्याच्या कचेरीत भारतीय वास्तुकारांचा एक मोठा तरुण चमू होता: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, आणि यादीत ए. आर. प्रभावळकर हे आपल्या कानाला ओळखीचं आडनावही आहे. आणि होत्या उर्मिला युली चौधरी. १९२३चा जन्म, सिडनीला शिकलेल्या, १९५१मध्ये चंडीगडला रुजू झाल्या. फ्रेंच उत्तम, त्यामुळे दोन्ही भावांशी थेट बोलणाऱ्या. फर्निचरच्या कामात त्यांचा हात मोठा होता. पुढे हरियाणाच्या आणि मग पंजाबच्या मुख्य वास्तुकार झाल्या. तरीही बरीच वर्षं पुस्तिकांत त्यांचं नाव नसायचं. १९२९ला पेरियांचं जे झालं तेच १९५५ला चौधरींचं. पॅरिसमध्ये थोरल्या भावाच्या सावलीत राहिलेल्या पिएरच्या सावलीत आता दुसरं कोणी राहिलं. याचा दोष त्याला देता येणार नाही. तो गेल्यावर कित्येक वर्षांनी बाजारानं हे ठरवलं. बाजाराला एक नाव लागतं. चमू विकता येत नाही.

आणि सुतार? एकाच नकाशावरून वेगवेगळ्या कारखान्यांत खुर्च्या झाल्या, म्हणून दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर उंचीत, जाडीत, हाताच्या गोलाईत फरक दिसतो. तो फरक म्हणजे त्या सुताराची सही. दुसरी सही त्यानं केली नाही, कोणी मागितलीही नाही.

पुढची गोष्ट तुम्हाला आता अंदाजानं कळली असेल. साठ-सत्तरच्या दशकात वापरलेलं सामान ऐंशी-नव्वदपर्यंत जुनं झालं. वेत फाटला, पॉलिश उडालं. गोदरेजची पोलादी कपाटं, फिरत्या खुर्च्या, सनमायकाची टेबलं आली, आणि कचेऱ्यांना ती हवीशी वाटली. मी त्यांना हसत नाही. वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या कारकुनाला फिरती खुर्ची मिळाली तर तो खूशच होणार. जुनं सामान गच्चीवर, जिन्याखाली, मागच्या अंगणात ढीग करून ठेवलं गेलं. नोंदवही, कमिटी, शेरा, निर्लेखन, लिलाव. काही तर सरपणात गेलं.

साधारण १९९०च्या शेवटापासून काही फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे हेरलं. ते चंडीगडला आले, सरकारी लिलावात रीतसर बोली लावली, पावती घेतली, कंटेनर भरले. तिकडे नेऊन लाकूड घासलं, वेत नव्यानं विणला, प्रदर्शनं भरवली, पुस्तकं छापली. किंमत वाढत वाढत एकेका खुर्चीमागे लाखो रुपयांवर गेली. आणि खुर्चीच्या पाठीमागे रंगानं घातलेला तो कचेरीचा आकडा, आमच्या वडिलांच्या वहीतला असतो तसा, तोच आता अस्सलपणाचा पुरावा झाला! ज्या खुर्चीवरचा आकडा पुसला गेला तिची किंमत कमी. मग अर्थातच खोटे आकडे घालणारेही आले.

अमेरिकन कलावंत एमी सीगलनं २०१३मध्ये 'प्रोव्हेनन्स' नावाचा चित्रपट केला. त्यात ती हा प्रवास उलटा दाखवते. आधी श्रीमंतांची घरं, एक नौकासुद्धा. मग लिलावगृह, डागडुजीची कार्यशाळा, बंदर, आणि शेवटी चंडीगड, जिथे कचेरीत लोक अजून त्याच खुर्च्यांवर बसून फायली बघतायत. निवेदन नाही, एक शब्द नाही. मिळाला तर बघा.

देशात आरडाओरडा झाला. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं चंडीगडच्या या फर्निचरची विक्री आणि लिलाव थांबवायचा आदेश काढला. मोजदाद झाली, सरकारी इमारतींमध्ये बारा हजार सातशे त्र्याण्णव वस्तू नोंदल्या गेल्या. पण परदेशी लिलाव थांबले नाहीत, आणि त्याचं कारण साधं आहे. आपला पुरावशेषांचा कायदा १९७२चा. त्यात अशा वस्तूला संरक्षण मिळायला ती शंभर वर्षं जुनी लागते. ही खुर्ची सत्तरीची. आणि जी आधी रीतसर विकली गेली ती चोरीची नाही. तुमच्याच सहीची पावती समोरच्याकडे आहे.

मग चूक कोणाची? व्यापारी म्हणतात, आम्ही नसतो तर या खुर्च्या चुलीत गेल्या असत्या. हे अंशतः खरं आहे आणि म्हणूनच ऐकायला त्रास होतो. पण त्यांनी खुर्ची वाचवली ती शहरापासून तोडून. ग्रंथालयातली वाचायची टेबलं एकेकटी विकली गेली. ज्या खिडकीच्या उंचीला, ज्या भिंतीच्या कोनाड्याला धरून टेबल काढलं होतं ते टेबल आता न्यूयॉर्कच्या घरात, आणि खिडकी इकडे रिकामी. २०१६मध्ये कॅपिटॉलला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. इमारती वारसा, त्यांच्या पोटातलं सामान जडवस्तू. माझं मत विचाराल तर आपली खरी चूक विकण्याची नव्हती, दुरुस्ती बंद करण्याची होती. वेत विणणाऱ्याची मजुरी परवडत नाही म्हणून कचेरीनं प्लायवुड ठोकलं, तिथे ती खुर्ची पहिल्यांदा विकली गेली.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: भारतात याच्या आधी असं, इमारत आणि फर्निचर एकत्र विचार करून केलेलं, काही नव्हतं का?

होतं. छान प्रश्न. पाँडिचेरीला अरविंद आश्रमाचं गोलकोंडा नावाचं वसतिगृह आहे. चंडीगडच्या दशकभर आधीचं, काम १९३०च्या दशकात सुरू झालेलं. वास्तुकार अँटोनिन रेमंड, मूळचा चेक, जपानमध्ये काम केलेला. जागेवर उभं राहून काम बघितलं ते जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणानं आणि फ्रांतिशेक सॅमरनं. हा सॅमर आधी ल कॉर्बुझिएकडे काम केलेला. नाव गोलकोंडा का, तर पैसा हैदराबादच्या निजामाकडून, दिवाण सर अकबर हैदरींच्या खटपटीनं आला. उघडं काँक्रीट, भिंतीऐवजी उघडमीट होणाऱ्या आडव्या पट्ट्या, आत सरकती सागवानी दारं आणि अगदी मोजकं लाकडी सामान. दारांच्या कड्या-बिजागऱ्यांसाठी साधकांनी दिलेली पितळी भांडी वितळवली होती. नाकाशिमा पुढे अमेरिकेत मोठा फर्निचरकार झाला, आणि १९६४मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन त्यानं तिथे बनवण्यासाठी काही नमुने काढून दिले. गोलकोंड्याचं सामान मात्र अजून तिथेच आहे, वापरात आहे. कारण तिथे रोज झाडपूस, पुसापुशी करणं हाच शिस्तीचा भाग आहे. लिलावाची वेळच आली नाही.

प्रश्न: मराठी माणसांचा या सगळ्याशी काही संबंध?

प्रभावळकरांचं नाव घेतलंच. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि १९५१ ते ५४ पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएच्या कचेरीत होते, तिथे चंडीगडचे नकाशे काढले जात होते. पण मी म्हणेन, मोठी नावं सोडा. आपल्याकडच्या जुन्या विश्रामगृहांत, कोर्टांत, नगर वाचनालयांत हात लांब असलेल्या आरामखुर्च्या, वेताची बाकं अजून आहेत. त्यांची कोणी नकाशा-मोजमापासकट नोंद केलेली मी पाहिलेली नाही.

प्रश्न: आजकाल ऑनलाइन या खुर्चीच्या प्रतिकृती मिळतात. घेणं चूक आहे का?

मुळीच नाही. ती खुर्ची सुतारानं नकाशा बघून करावी म्हणूनच काढलेली होती. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणा, मागे खोटा आकडा घालू नका, एवढंच. आणि घेण्याआधी बसून बघा. ती थोडी रुंद आहे, जेवणाच्या टेबलाला सहा लावायला गेलात तर आपल्या फ्लॅटमध्ये चालायला जागा उरत नाही. माझ्या एका मित्राच्या घरी हे झालेलं आहे. दोन आता गॅलरीत आहेत, आणि वेत उन्हानं सुटायला लागलाय. त्याला मी विणणाऱ्याचा पत्ता दिला आहे.